पाटणादेवीपासून पांझरेपर्यंत

खानदेशाचें नांव काढलें कीं ऊन, कापूस, केळी आणि वांग्याचें भरीत यांपलीकडे पुण्या-मुंबईच्या आमच्या आप्तांच्या डोळ्यांपुढें फारसें कांहीं उभें राहत नाहीं. धुळ्यास पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत व गणित शिकवून आम्ही निवृत्त झालों. तेव्हां या समजुतीचा राग येण्याचें वय आतां राहिलें नाहीं. तथापि गेल्या श्रावणांत याच प्रांतांत आमचा जो चार दिवसांचा प्रवास घडला, त्याची हकीकत वाचकांस अगदींच नीरस वाटणार नाहीं अशी आशा आहे. प्रवास लांबचा नव्हे. धुळें, चाळीसगांव, जळगांव, भुसावळ आणि परत धुळें, एवढाच. परंतु तो झाला एका शब्दासाठीं.

त्याचें असें झालें. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास इंजिनियर आहे. तो भेटीस आला असतां आम्हीं सहज विचारलें, "सध्यां काय करतोस?" तो म्हणाला, "सर, मी यंत्रांचीं जुळीं तयार करतों." इंग्रजींत यास डिजिटल ट्विन म्हणतात. एखादें वीजकेंद्र, धरण किंवा विमान प्रत्यक्षांत उभें असतें. त्याचाच एक सोबती संगणकांत आंकड्यांच्या रूपानें ठेवावयाचा. खऱ्या यंत्रांतील मापकें त्या सोबत्यास उष्णता, दाब, वेग यांची खबर क्षणोक्षणीं देत राहतात, आणि यंत्र जसें झिजतें, म्हातारें होतें, तसा सोबतीहि म्हातारा होतो. मग खऱ्या यंत्रास जें विचारतां येत नाहीं तें या सोबत्यास विचारावें : हा पंप आज बंद पडला तर काय होईल? उद्यां पाऊस दुप्पट झाला तर? अमेरिकेंत मायकेल ग्रीव्ह्ज यांनीं २००२ सालीं ही कल्पना मांडली आणि तेथील अंतराळ संस्थेच्या जॉन व्हिकर्स यांनीं २०१० च्या सुमारास तिला हें नांव दिलें. पण कल्पनेचें बीज त्याहून जुनें आहे. १९७० सालीं अपोलो १३ यानांतील प्राणवायूची टांकी फुटली, तेव्हां जमिनीवरील तशाच नकली यानांत प्रयोग करकरूनच तिघां वीरांना परत आणण्याची रीत ठरविण्यांत आली होती.

"मराठींत याला काय म्हणावें?" असा त्याचा प्रश्न होता. आम्ही म्हणालों, प्रतिबिंब म्हण. त्यानें मान हलविली. प्रतिबिंब आजचें तोंड दाखवितें, उद्यांचें नाहीं. जुळें म्हणावें, तर जुळीं भावंडें एका कुशींत वाढून पुढें आपापल्या वाटेनें जातात. यास मात्र भावाची प्रकृति रोज कळवावी लागते. वाद मिटेना. शेवटीं तो म्हणाला, "सर, चार दिवस माझ्याबरोबर फिरा, शब्द वाटेंत सांपडेल." तोंवर 'अंकीय जुळें' या नांवावर आम्हीं तह केला.

वाट आम्हीं ठरविली, म्हणून पहिला मुक्काम पाटणादेवी. धुळ्याहून गाडीनें चाळीसगांव गांठलें व तेथून नैऋत्येस सुमारें १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशींत शिरलों. पावसानें डोंगर धुऊन निघाले होते. येथें सांपडलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला, हें अनेकांस ठाऊक असेल. सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव यानें आपला आजा भास्कराचार्य याचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून येथें मठ स्थापिला, असें त्यांत म्हटलें आहे. लेख शके ११२८ चा. खुद्द भास्कराचार्य येथलेच कीं काय या वादांत आम्ही पडत नाहीं. ज्यांना पडावयाचें ते पडोत.

मंदिराच्या पायरीवर बसून आम्हीं विद्यार्थ्यास गोलाध्यायांतील गोलबंध सांगितला. बांबूच्या सरळ, गुळगुळीत कामट्यांचीं वर्तुळें करावींत आणि तीं एकमेकांत बांधून आकाशाची प्रतिकृति उभी करावी, अशी ती रीत आहे. क्षितिजाचें एक वर्तुळ, नाडीवृत्ताचें एक, क्रांतिवृत्ताचें एक. सुटें वर्तुळ कोणीहि वांकवील. क्रांतिवृत्त नाडीवृत्ताला ज्या दोन बिंदूंत छेदतें तेथेंच तें बांधलें पाहिजे आणि त्या दोहोंतील कोन २४ अंशांचाच राहिला पाहिजे. दोरी एक बोट सरकली कीं प्रत्येक वर्तुळ शुद्ध असूनहि सारा गोल खोटा. आणि एवढें करूनहि कालांतरानें गणित व डोळा यांत अंतर पडतेंच. ग्रह जेथें असावा असें गणित सांगतें तेथें तो दिसत नाहीं. तेव्हां आपले ज्योतिषी आकाशाला दोष देत बसले नाहींत. त्यांनीं गणितालाच बीजसंस्कार दिला.

विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आमच्या कचेरींत हें कोणी सांगितलें नव्हतें. काम मात्र अगदीं हेंच आहे."

जळगांवास रात्रीं पोंचलों. भरिताविषयीं लिहिण्याचा मोह आवरतों. दुसऱ्या दिवशीं भुसावळ ओलांडून दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रासमोर एका चहाच्या टपरीवर बसलों. परवान्याशिवाय आंत जातां येत नाहीं, व आम्हांस गरजहि नव्हती. २१० मेगावॅटचा जुना संच, ५०० चे दोन, अलीकडचा ६६० चा, अशी पिढ्यानपिढ्यांची गर्दी त्या धुरांड्यांखालीं आहे. विद्यार्थ्यानें पुड्याच्या कागदावर चार चौकोन काढले : पाण्याची वाफ करणारा बाष्पक, वाफेनें फिरणारें टर्बाइन, वाफेचें पुन्हां पाणी करणारें कंडेन्सर आणि तें पाणी परत बाष्पकांत रेटणारा पंप. आमच्या समजुतीप्रमाणें इतक्या मोठ्या यंत्राचें जुळें एखाद्या महापंडितानें एकटाकी लिहिलेलें असावयाचें. तसें नसतें. पंपाचा नमुना पंप करणारा देतो, टर्बाइनचा टर्बाइनवाला. कोणीहि आपलें गुपित उघडें करीत नाहीं, म्हणून नमुना मोहोरबंद पेटीसारखा येतो. बाहेर फक्त तोंडें असतात. येथून हें आंत घाला, तेथून तें बाहेर येईल. अशा पेट्यांचीं तोंडें एकमेकांस बसावींत म्हणून युरोपांतील मोटार-कारखानदारांच्या पुढाकारानें २०१० सालीं एक सर्वमान्य नियम ठरला; त्याचें नांव एफएमआय. आतां देशोदेशींच्या पेट्या त्या नियमानें जोडल्या जातात.

"मग तुला काय काम उरलें?" आम्हीं विचारलें.

"जोडण्याचें," तो म्हणाला, आणि येथें त्याच्या बोलण्यास रंग चढला.

पहिली अडचण अशी. नळांत दाब किती हें ठाऊक असेल तर पंप सांगतो कीं मी इतकें पाणी देईन. नळ म्हणतो, पाणी किती येणार तें आधीं सांगा, मग मी दाब सांगतों. पंपाचें उत्तर नळावर, नळाचें उत्तर पंपावर. आम्हीं टाळी दिली. न्यायशास्त्रांत यास अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. वादांत प्रतिपक्षानें तो दाखविला कीं तोंड मिटावें लागतें. या लोकांचा मात्र तो रोजचा व्यवहार आहे! ते एक आंकडा अंदाजानें धरतात, पंपास विचारतात, उत्तर नळापुढें ठेवतात, अंतर किती पडलें तें पाहून अंदाज सुधारतात, आणि दोघांचें एकमत होईपर्यंत फेरे घालीत राहतात. बहुधा पांच-सात फेऱ्यांत एकमत होतें. कधीं कधीं दोघे अधिकच भांडूं लागतात व आंकडे हाताबाहेर जातात. तेव्हां रात्र जागावी लागते.

दुसरी अडचण काळाची. बाष्पकाचें लोखंड शेंकडों टन. तें तापावयास तास लागतात. विजेचें चक्र सेकंदाला ५० वेळां फिरतें. प्रत्येक पेटीचें घड्याळ निराळें, म्हणून ठराविक अंतरानें सर्वांनीं थांबून आपापले आंकडे बदलावयाचे. हें अंतर फार मोठें ठेवलें तर मधल्या काळांत प्रत्येकजण शिळ्या बातमीवर चालतो. फार लहान ठेवलें तर संगणकाचा सारा वेळ थांबण्यांतच जातो आणि जुळें खऱ्या यंत्राच्या मागें पडतें. तिसरी अडचण ऐकून आम्हांस हंसूं आलें, पण ती हंसण्यासारखी नाहीं. एका पेटीचें माप एक, दुसरीचें दुसरें. १९९९ सालीं अमेरिकेचें मंगळाकडे धाडलेलें यान याच कारणानें नष्ट झालें : एका बाजूचे आंकडे पौंडांत, दुसरी बाजू ते न्यूटनांत समजली. दोन्हीं गणितें बरोबर होतीं.

आम्हांस वेदाच्या पदपाठाची आठवण झाली. पदें सुटीं केलीं कीं प्रत्येक पद स्वच्छ दिसतें. परंतु संहितेंत शेजार बदलतांच अक्षर बदलतें, विसर्गाचा ओकार होतो, स्वर वरखालीं होतात. सुटीं पदें पाठ असणाऱ्यास संहिता येतेच असें नाहीं. पाठकांनीं मध्यें क्रमपाठ निर्माण केला तो उगीच नव्हे. प्रत्येक पद एकदां मागच्याशीं व एकदां पुढच्याशीं जोडून म्हणून पाहावयाचें. विद्यार्थी म्हणाला, त्यांचाहि क्रम तोच आहे. आधीं दोन पेट्या जोडून पाहावयाच्या, मग तिसरी. एकदम सर्व जोडणारा फसतो.

तिसऱ्या दिवशीं चांगदेव. तापी-पूर्णेच्या संगमावरील हें स्थान योगी चांगदेवांचें. पाटणचा ज्योतिषी चांगदेव निराळा. ज्ञानदेवांनीं चांगदेवांना ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या त्यांत मुख आणि आरसा यांचा दृष्टांत आहे, हें आम्हीं घाटावर विद्यार्थ्यास सांगितलें. तो विषय येथें वाढवीत नाहीं. संगमाच्या खालीं हतनूरचें धरण आहे. एकेचाळीस दरवाजे. वर मेळघाटाकडे पाऊस झाला होता, म्हणून कांहीं दरवाजे थोडेथोडे उचललेले होते, आणि त्यांखालून गढूळ पाणी असें बाहेर पडत होतें कीं जवळ उभ्या माणसाचें बोलणें ऐकूं येऊं नये. दीपनगरचें पाणी येथलेंच, रेल्वेचें व गांवांचें येथलेंच, आणि रावेर-यावलच्या केळीबागांकडे जाणारा कालवाहि येथूनच निघतो.

पाण्याचा रंग पाहून विद्यार्थी म्हणाला, "सर, ही काळी माती वऱ्हाडची. पूर्णा आणते." ही माती धरणांत सांचते, व त्यामुळें हतनूरची पोटजागा कमी होत गेली हें सर्वश्रुत आहे. आतां जुळ्याचा प्रश्न पाहा. धरण बांधतांना एक कोष्टक करतात : पाण्याची पातळी अमुक, तर सांठा अमुक. गाळ सांचल्यावर पातळी तीच असते, पण खालचें पाणी मातीनें खाल्लेलें असतें. कोष्टक न बदलतां जो हिशेब करील त्यास वाटेल कीं अजून पुष्कळ सांठा आहे. उन्हाळ्यांत त्याचा फटका केळीस बसेल. आणि पुराच्या वेळीं? हतनूरच्या खालीं वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा अशा नद्या एकामागून एक तापीस मिळतात. पुढें सारंगखेडा, प्रकाशें, आणि मग गुजरातेंत उकाई. २००६ च्या ऑगस्टांत उकाईखालीं सुरत शहर बुडालें, तें पाणी याच खोऱ्यांतून गेलें होतें.

धरणांचे नमुने आपल्याकडे नवे नाहींत. पुण्याजवळ खडकवासल्यास, १९१६ सालीं सुरू झालेल्या संशोधन केंद्रांत, विटा-सिमेंटच्या लहानशा नद्या करून त्यांत पाणी सोडून पाहतात. परंतु तो नमुना एकदां केला कीं खऱ्या नदीच्या आजच्या प्रकृतीची त्यास वार्ता नसते. त्या पुढची पायरी महाराष्ट्रांत कृष्णा व भीमा या खोऱ्यांसाठीं टाकली गेली. पाऊस पडल्यावर डोंगरावरून किती वाहून येईल याचा एक नमुना, नदींतून तें कसें सरकेल याचा दुसरा, धरणें तें कसें अडवतील याचा तिसरा. हे डेन्मार्कच्या एका संस्थेच्या मदतीनें एकत्र जोडले आणि त्यांस पर्जन्यमापकें व पातळीमापकें यांची ताजी खबर मिळेल अशी व्यवस्था केली. जुळें हा शब्द तेव्हां कोणीं वापरला नसेल, पण वस्तु त्याच जातीची.

खबर आली तरी ती खरी कशावरून? मापकावर शेवाळ धरतें, तारेंत पाणी शिरतें. नमुना म्हणतो पातळी इतकी, मापक म्हणतें तितकी. विश्वास कोणावर ठेवावा? कालमन नांवाच्या गणितज्ञानें १९६० सालीं याची जी रीत प्रसिद्ध केली ती आम्हांस फार आवडली. दोघांसहि चुकणारे साक्षीदार समजावें, पूर्वीं कोण किती चुकला त्याच्या प्रमाणांत दोघांच्या सांगण्यास वजन द्यावें, आणि निकाल दिल्यावर तीं वजनेंहि पुन्हां तपासावींत. चंद्रावर गेलेल्या यानांनीं हीच रीत वापरली होती. आमच्या वर्गांत खोडी कोणीं केली याचा निवाडा आम्ही साधारण असाच करीत असूं, मात्र दुसरा भाग आम्हीं फारसा पाळला नाहीं.

चौथ्या दिवशीं एरंडोल, पारोळें या वाटेनें धुळ्यास परतलों. वाटेंत आम्हीं विद्यार्थ्यास एक जुनी गोष्ट सांगितली. ती मनांत होती म्हणूनच बहुधा त्याच्या प्रवासास आम्ही तयार झालों. आमची वडील बहीण पांझरेच्या पैलतीरीं सखल भागांत राहत असे. एका भाद्रपदांत वरून पाणी सोडल्याची वार्ता आली. जाणत्या माणसांनीं सांगितलें कीं तें पहाटे शहरास पोंचेल. आम्हीं बहिणीस निरोप धाडला कीं सकाळीं येऊन नेतों. पाणी रात्रीं दहालाच आलें. शेजाऱ्यांनीं तिला माडीवर चढविलें म्हणून ती वांचली. पण चुलीपाशीं ठेवलेली पोथ्यांची पेटी गेली, आणि त्या रात्रीं नदीच्या अलीकडे उभे राहून पलीकडचे कंदील मोजण्याखेरीज आम्हांस कांहीं करतां आलें नाहीं. सोडलेल्या पाण्याचा आंकडा खोटा नव्हता, नदीची लांबीहि कोणी चुकविली नव्हती. तरी सहा तास कोठें गेले, हें कोडें आम्हांस आजवर उलगडलेलें नाहीं. विद्यार्थी म्हणाला, "मध्यें पाऊस झाला असेल, ओढ्यांचें पाणी कोणी धरलें नसेल." तें संभवनीय होतें. पण आमचें समाधान झालें नाहीं.

धुळ्यास न थांबतां साक्रीच्या वाटेनें दातर्तीच्या बाजूस गेलों. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले, तेव्हां त्यांच्या आरंभींच्या कामांत येथला, पांझरेच्या पात्राखालून पाणी नेणारा नळाचा सायफन होता. त्याहून आम्हांस कौतुक फड पद्धतीचें. तीनचारशें वर्षांपूर्वींपासून पांझरेवर बंधाऱ्यांची एकाखालीं एक अशी माळ आहे. प्रत्येक बंधाऱ्यांतून पाट निघतो. गांवाची पाटाखालील जमीन तीन-चार फडांत वांटलेली. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, पुढच्या सालीं फेरपालट. पाणी सोडणारा पाटकरी व राखणारा जागल्या गांवानेंच नेमावयाचे. वरच्या बंधाऱ्यांतून जें झिरपतें व सांडतें तें खालच्याचें उत्पन्न. कोणाचाहि बंधारा एकटा नाहीं. विश्वेश्वरय्यांनीं पुढें दख्खनच्या कालव्यांवर जी ब्लॉक पद्धति आणली तिचें बीज त्यांस अशा ठिकाणीं दिसलें असावें असें आमचें मत आहे.

पावसानें आठ दिवस ओढ दिली होती, म्हणून पाट चालू होता. बंधाऱ्यावर एक वृद्ध पाटकरी बसला होता. विद्यार्थ्यानें त्यास विचारलें, "बाबा, वरच्या बंधाऱ्यानें पाणी सोडलें तर इथं यायला किती वेळ लागतो?"

त्यानें आमच्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं वर्गांत मूर्ख प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे आम्ही पाहत असूं. मग म्हणाला, "कवय?" म्हणजे केव्हां? आणि त्यानें जें सांगितलें तें असें. आषाढांत नदीची वाळू तहानलेली असते. पहिलें पाणी ती पिऊन टाकते, म्हणून तें उशिरा येतें व थोडें येतें. भाद्रपदांत वाळू भरलेली असते, कांठहि भरलेले असतात. मग तेंच पाणी तितक्याच मोरीनें सोडलें तरी निम्म्या वेळांत येतें. "भरेल नदी थांबत नही," असें तो त्याच्या अहिराणींत म्हणाला.

विद्यार्थ्याचा हात खिशांतल्या वहीकडे गेला. त्याच्या नदीच्या पेटींत या अंतरास एकच वेळ धरलेला होता, तो त्यानें कबूल केला. वाळू किती भरली आहे हें वरची पेटी खालच्या पेटीस सांगतच नव्हती. तसें तोंडच ठेवलेलें नव्हतें. आम्ही मात्र भाद्रपदांतल्या त्या रात्रीचे सहा तास मोजीत होतों. आमच्या बहिणीस जाऊन आतां नऊ वर्षें झालीं.

शब्दाची आठवण आम्हां दोघांसहि राहिली नाहीं. विद्यार्थी पाटकऱ्यास पुन्हां विचारीत होता : आषाढांत किती घटका, श्रावणांत किती, पोळ्याला किती. म्हाताऱ्याला उत्तर देण्यास सवड नव्हती. तिसऱ्या फडाकडे दारें मोडावयाची वेळ झाली होती. तो खांद्यावर फावडें टाकून पाटाच्या कडेनें निघाला, आणि आमचा विद्यार्थी बूट हातांत घेऊन चिखलांतून त्याच्या मागें गेला.